अंदमानात चालताना खाली बघा

मराठी माणूस अंदमानला गेला की सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडतो आणि मग हॅवलॉकचा किनारा गाठतो. त्यातून एक सकाळ जंगलासाठी काढा. चॅथम जेटीवरून फेरीबोटीने बांबू फ्लॅटला उतरायचं, तिथून गाडीने माउंट हॅरिएटवर (2021 पासून माउंट मणिपूर) जायचं. वनखात्याच्या नाक्यावर पैसे भरले की काळा पत्थरची पायवाट झाडीत शिरते. लवकर निघा. इथे सूर्य आपल्याआधी उगवतो आणि मावळतोही. हिवाळ्यात साडेपाचनंतर झाडीत काही दिसत नाही.

या बेटांवर मूळची माकडं नाहीत, हत्तीही नाहीत. त्यामुळे बिया दूर नेण्याचं काम मुख्यतः पक्ष्यांकडे आणि वटवाघळांकडे. त्यातला दांडगा गडी म्हणजे ग्रीन इंपीरियल पिजन. पाठ हिरवी, डोकं-छाती राखाडी, अंगाने आपल्या पारव्याहून बराच मोठा. दिसण्याआधी त्याचा खर्जातला घुमारा ऐकू येतो. चोचीचा जबडा एवढा फाकतो की रानजायफळाची बी तो अख्खी गिळतो. वरची लाल जायपत्री पोटात जिरते, बी धडधाकट बाहेर पडते.

म्हणून वाटेवर नजर खाली ठेवा. फुटलेल्या कवचात लाल जाळी तशीच असेल, तर फळ वरच्याच झाडाचं. पण आसपास जायफळाचं झाड नाही आणि स्वच्छ, तपकिरी बी पडलीये? वर बघा, बसायजोगी आडवी फांदी सापडेल.

फळ खाणारा प्रत्येक पक्षी मात्र पेरणी करत नाही. उंबरावर थवा उतरतो तो अंदमानी हरियालांचा, आपल्या राज्यपक्ष्याच्या भाऊबंदांचा. त्यांच्या पेषणीत बारीक बियांचं पीठच होतं. राज्यपक्ष्याबद्दल असं लिहिताना जीभ चावली, पण खरं ते खरं. त्याच उंबरावरची मैना आणि बुलबुल जास्त कामाची.

धनेश इथे शोधू नका. तो फक्त दूरच्या नारकोंडम बेटावर, जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या जंगलात. तिथे पर्यटकांना उतरू देत नाहीत.

पाऊस नुकताच उघडला असेल तर लांब मोजे घाला, जळवा असतात. बी हातात घेऊन बघा, मग होती तिथेच ठेवा. तिला अडचणी कमी नाहीत: ब्रिटिशांनी शिकारीसाठी आणून सोडलेली चितळं कोवळी रोपं खुडत याच उतारावर चरतात.