लाकडी पापुद्र्याची पारख

मानोरा तालुक्यात शाळेचे कपाट असो वा ग्रामपंचायतीचे दार, पूर्वी ते सुताराने सागाच्या फळ्या रंधून घडविलेले असे. फळीतील गाठ, चीर, वाळवी डोळ्यांना दिसे. आता त्या जागी बहुधा प्लायवूड येते आणि त्याचा दोष आत दडलेला असतो. पहिल्याच पावसाळ्यात दाराचे पापुद्रे सुटतात, तेव्हा देयक चुकते झालेले असते.

प्लायवूड करताना ओंडका गरम पाण्यात किंवा वाफेत मुरवून यंत्रावर फिरवितात. पेन्सिल तासताना निघणाऱ्या सालीप्रमाणे लांब पापुद्रा सुटत जातो. यालाच ‘व्हेनीअर’ म्हणतात. पाते बोथट असेल, तर पापुद्रा कोठे जाड, कोठे पातळ निघतो व त्याच्या पाठीवर बारीक भेगा पडतात. पुढे येते वाळवण. आणि खरे दर्जानियंत्रण येथेच आहे. ओल राहिली, तर गरम दाबयंत्रात तिची वाफ होऊन फुगवटे येतात. पापुद्रा अति वाळला, तर तो चिकटद्रव्य शोषून घेतो आणि सांधा कोरडा राहतो. तयार फळीत ओलाव्याचे प्रमाण 5 ते 15 टक्के असावे, असे भारतीय मानक सांगते. थर विषम संख्येत व एकाआड एक आडव्या-उभ्या रेषांचे लावतात, त्यामुळे फळी वाकत नाही. मात्र आतील थरांत फटी ठेवून वर सागाचा सुबक पापुद्रा चढविला, की दर्शनी बाजू पाहून काहीच कळत नाही.

म्हणून कसोटी पाण्याची. आय.एस. 303 या मानकाच्या 1989 च्या आवृत्तीत साध्या ओलरोधक प्रतीचा नमुना 60 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तीन तास ठेवतात, तर उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचा नमुना आठ तास उकळतात. आय.एस. 710 च्या जहाजी प्रतीला 72 तास उकळावे लागते. नंतर पात्याने थर उचकटतात. लाकडाचे तंतू फाटले, तर सांधा पक्का. थर स्वच्छ सुटला, तर कच्चा.

खरेदीच्या मागणीपत्रात नुसते ‘उत्तम प्लायवूड’ लिहिणे व्यर्थ होय. मानक क्रमांक व प्रत लिहावी. आय.एस.आय. चिन्हालगतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळावा. कापलेल्या कडेवर फटी आहेत का, हे पाहावे. सुताराकडील एक उरलेला तुकडा पातेल्यात आठ तास उकळून पाहण्यास फारसा खर्च नाही. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. पण थर सुटलाच, तर देयकावर सही करण्यापूर्वी पुरवठादारास तो तुकडा दाखविता येतो.