उतरताना घाई नको

भाचेबुवा, तुझी साइन ऑफची, म्हणजे बोटीवरून उतरायची तारीख आल्याचं ताईकडून कळलं. शिमग्याला पोचतोय असं घरी सांगून मोकळा झालास, ते काही बरं केलं नाहीस. तुझी जागा घेणारा रिलीव्हर गँगवेवर दिसेपर्यंत आणि विमानाचं तिकीट हातात पडेपर्यंत तारीख सांगायची नसते. बोट बंदर बदलते, रिलीव्हरचा व्हिसा अडकतो, आणि इकडे पालखी दारात आली तरी सूनबाईचं लक्ष रस्त्याकडे. २०२० साली कोरोनात मुदत संपलेले चार लाखांच्या आसपास दर्यावर्दी जगभरच्या बोटींवर अडकून पडले होते. त्यांच्याही घरी कुणीतरी तारीख सांगितलेलीच असणार.

आता शेवटच्या दिवसांत चॅनल फीव्हर चढेल. बॅग आधीच भरलेली, झोप उडालेली, हात कामावर आणि जीव गावच्या वेशीवर. मूरिंगच्या दोराच्या वेटोळ्यात पाय सापडायला एवढं पुरतं. अँकरेजला लाँचमध्ये उतरायचं झालं तर बॅग खांद्याला अडकवून शिडीवर पाय ठेवायचा नाही. बॅग हीव्हिंग लाइनला बांधून आधी खाली सोडायची, मग दोन्ही हात मोकळे ठेवून आपण उतरायचं. लाटेबरोबर लाँच वर आली की त्या क्षणी पाय टाकायचा. खाली जात असताना टाकलास तर मधल्या फटीत जाशील. बोटीची उंची पाण्यापासून नऊ मीटरच्या वर असेल तर पायलटलासुद्धा नुसत्या दोरशिडीवरून चढवत नाहीत, अ‍ॅकोमोडेशन लॅडर जोडून देतात. तीच आपणही मागून घ्यायची, लाजायचं नाही.

सीडीसीवरची, म्हणजे दर्यावर्दीच्या नोंदपुस्तकातली तारीख आणि शिक्का बोटीवरच तपास. पगाराचा हिशेब वाचल्याशिवाय सही करू नकोस. पासपोर्ट आणि सीडीसीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेव, कारण आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले की टॅक्सवाले तुला रहिवासी धरतात, आणि तू नेमका मार्चमध्ये उतरतोयस. बाकीचं सीएला विचार, मला नको.

मुंबईला उतरलास की मित्राची गाडी घेऊन रात्रीच्या रात्री हायवेला लागू नकोस. बोटीवर घड्याळ तासातासाने सरकतं, विमान एकदम काही तास उडवून लावतं, आणि बारा ते चारच्या वॉचची सवय असलेल्या माणसाचे डोळे कशेडीच्या वळणावर कधी मिटतील सांगता येत नाही. सरळ कोकणकन्या पकड. घरी न्हाणीत डोळे मिटून डोक्यावर पाणी घेताना फरशी हलल्यासारखी वाटेल. एक-दोन दिवसांत जातं ते. महिनाभर टिकलं तर मात्र डॉक्टरला दाखव.

बोटीवर नवा माणूस चार्ज घेतो तेव्हा आधी हँडिंग ओव्हर नोट्स वाचतो, जुन्या माणसाबरोबर फेरी मारतो. घरात शिरल्या शिरल्या मात्र आपण थेट हुकूम सोडायला लागतो. गॅसचा नंबर, शाळेची फी, आईच्या गोळ्या, कलमांची फवारणी, सगळं सूनबाईने सांभाळलंय. पहिले पंधरा दिवस नुसतं विचार. चार्ज मागूच नकोस. ती देईल तेवढाच घे. धाकटी तुला बघून रडेल, तिला ओढून कडेवर घेऊ नकोस, तिची ती येईल. आणि उसने पैसे मागायला लोक येतील, तेव्हा हिशेब बायकोकडे असतो असं सांग. बहुतेक खरंच असतो.

एक गोष्ट मात्र बोटीवरून उचलून घरी आणच. वैशाखात आपली विहीर उपसायची आहे. बंद टाकीत परमिटशिवाय, ब्लोअरने हवा खेळवल्याशिवाय आणि मीटरवर ऑक्सिजन जवळजवळ २१ टक्के दिसल्याशिवाय कुणी उतरत नाही, हे तू रोज पाहतोस. नांगराच्या साखळीच्या लॉकरमध्येसुद्धा नुसता गंज हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. इथे मात्र कंदील सोडतात, विझला नाही की उतरतात. कंदील विझला तर उतरायचं नाही हे ठीक, पण जळत राहिला म्हणजे हवा चांगली असं नाही. विषारी वायू कंदिलाला कळत नाही. संडासाच्या टाकीत तर ज्योत सोडूच नये, भडका उडेल. आणि तिथला वायू जास्त झाला की नाकाला वासही येईनासा होतो. पहिला खाली पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो, आणि तोही तिथेच राहतो. येताना चांगला गॅस मीटर घेऊन ये, अत्तराच्या बाटल्या एक वेळ राहू देत. उतरणाऱ्याच्या छातीला पट्टा, दोर वर दोघांच्या हातात, आणि खालचा बोलेनासा झाला तर कुणी मागून उतरायचं नाही, वरूनच ओढायचं. गड्यांना हे तूच समजाव. तू बोटीवरचा म्हणून तुझं ऐकतील; मी सांगितलं तर म्हणतात, मामा आता म्हातारे झाले.