औषधास न जुमानणारे रोगजंतू : कळप आणि कुटुंब

जनावर आजारी पडले की जवळच्या बाजारातून औषध आणून स्वतःच टोचावयाचे, ही पद्धत अनेक देशांतील पशुपालकांत रूढ आहे. दवाखाना दूर असतो आणि जनावरे हीच घरची पुंजी असल्याने वाट पाहणे परवडत नाही. परंतु या घाईची किंमत पुढे पशुपालकाच्या कुटुंबासही द्यावी लागते.

प्रतिजैविक औषध दिले की दुबळे जंतू मरतात, चिवट जंतू उरतात व त्यांचीच पैदास वाढते. गरज नसताना औषध दिल्यास हे विनाकारण घडते. शिवाय हा चिवटपणा एका जातीचे जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूंस देऊ शकतात. आतड्यातील साध्या जंतूंकडून तो आमांशाच्या जंतूंकडे जातो, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ साली दाखवून दिले.

टांझानियाच्या उत्तर भागातील मसाई लोक गाई, शेळ्या व मेंढ्या पाळतात. दूध हा त्यांच्या आहाराचा मोठा भाग होय. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखी औषधे ते स्वतःच जनावरांस टोचतात. मसाई आणि त्यांच्या शेजारचे अरुषा व चग्गा या समाजांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. मसाईंमध्ये न उकळलेले दूध पिणे आणि चिवट जंतू आढळणे यांचा संबंध तीत दिसून आला. औषधाच्या वापराशी असलेला संबंध त्या मानाने कमी होता. याचा अर्थ असा की, चिवट जंतू निपजू न देणे जितके अगत्याचे, तितकेच त्यांची वाट अडविणेही अगत्याचे आहे.

महाराष्ट्रातील अनेक धनगर कुटुंबे दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरतात व पावसाळ्यापूर्वी परततात. रानात कळप, चूल व पाणी जवळजवळच असतात. अशा ठिकाणी एखाद्या मुलास चिवट जंतूंची बाधा झाली, तर नेहमीचे औषध लागू पडत नाही. म्हणून पशुपालकांनी पुढील दक्षता घ्यावी.

१. दूध उकळूनच प्यावे. उकळल्याने चिवट जंतूही मरतात.

२. औषधाचा अंश मात्र उकळल्याने पूर्णपणे जात नाही. यास्तव बाटलीवर दिलेली मुदत संपेपर्यंत त्या जनावराचे दूध वा मांस खाऊ नये व विकू नये.

३. प्रतिजैविक औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच, सांगितलेल्या मात्रेत व सांगितलेले सर्व दिवस द्यावे.

४. लाळ्या-खुरकूत हा विषाणूंचा रोग आहे. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाहीत. वेळेवर लस टोचून घेणे हाच खरा उपाय होय.

५. शेण-लेंड्या काढल्यावर, तसेच धार काढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. पिण्याचे पाणी जनावरांच्या पाणवठ्यावरून आणू नये.

यांपैकी बहुतेक गोष्टींस फारसा खर्च येत नाही. आज गुणकारी असलेले औषध उद्याही गुणकारी राहावे, यासाठी ते जपून वापरणे हिताचे आहे.