उस्तादांचा पाना

मुलांनो, बी.एम.एक्स. म्हणजे वीस इंची चाकांची, गिअर नसलेली मजबूत सायकल. १९७० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मुले मोटारसायकल शर्यतींची नक्कल करीत मातीच्या चढउतारांवर लहान सायकली पळवू लागली. त्यातून हा खेळ जन्मला आणि २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

माझ्या लहानपणी मुंब्र्यात आमच्याकडे होता तो मातीचा एक ढीग आणि भाड्याची साधी सायकल! एकदा ढिगावरून उडी मारली आणि पुढचे चाक वाकडे झाले. भीतभीत दुकानात गेलो. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी तारा आवळण्याचा पाना माझ्या हातात दिला.

"चाक फिरव बेटा. उजवीकडे झुकते तिथे डावीकडची तार पाव फेरा आवळ. चाकाची ताकद तारांच्या ताणात असते."

मी जास्त आवळली. चाक दुसरीकडे झुकले. उस्ताद चहा पीत बसले होते. पाना मात्र त्यांनी परत मागितला नाही. तीन संध्याकाळी अशाच गेल्या. चौथ्या दिवशी चाक सरळ फिरले. उस्तादांनी ते डोळ्यांसमोर धरून पाहिले, सायकलीचे भाडे पूर्ण घेतले आणि दुसरे वाकडे चाक माझ्यापुढे ठेवले.