पहिले बाळंतपण आणि तवक्कुल

सूरह मरयममध्ये हजरत मरयम (अ.) यांच्या प्रसववेदनांचे वर्णन आले आहे. त्या कठीण घटकेत अल्लाहने त्यांच्यासाठी पाणी व खजूर यांची सोय केली; मात्र खजुराचे खोड हलविण्याचे काम त्यांच्यावरच सोपविले. प्रयत्न माणसाचा, फळ अल्लाहकडून, हाच तवक्कुलचा अर्थ होय.

जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये (२०११) प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त व आहार विनामूल्य आहेत. म्हणून खर्चाच्या भीतीने घरी थांबू नये. कळा नियमित येऊ लागल्या, पाणमोट फुटली किंवा रक्तस्राव झाला, तर १०२ अथवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तपासणीचे कार्ड सोबत घ्यावे. प्रसूतिकक्षात वारंवार तपासणी होते, बाळाचे ठोके ऐकले जातात. त्याने घाबरून जाऊ नये.

स्त्री डॉक्टरांची विनंती अवश्य करावी. परंतु त्या उपलब्ध नसतील, तर अशा निकडीच्या वेळी पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यास शरीअतने मुभा दिली आहे. पडद्याचे कारण सांगून विलंब करणे म्हणजे अल्लाहने सोपविलेल्या दोन जिवांची अमानत धोक्यात घालणे होय.

बाळाची तपासणी झाल्यावर कानात अजान द्यावी आणि तासाभराच्या आत आईचे पहिले दूध पाजावे.

अल्लाह प्रत्येक मातेची प्रसूती सुलभ करो. आमीन.