परसातील दहा कोंबड्या : आधी हिशेब, मग खुराडे

भिवंडी, मुंब्रा, कल्याण, पनवेल या भागांत आपल्या पुष्कळ कारागीर कुटुंबांच्या घरामागे आठ-दहा फूट मोकळी जागा असते. यंत्रमागाला मंदी आली किंवा शिवणकामाची ऑर्डर थांबली, की घरात पहिला प्रश्न रोजच्या खर्चाचा येतो. अशा वेळी 'चार कोंबड्या पाळू' असा विचार अनेकांच्या मनात येतो. विचार चांगला आहे. मात्र हा धंदा समजून केला तरच हाताशी काही उरते; हौस म्हणून केला तर खाद्याचे पैसे खिशातून जातात. म्हणून सुरुवात हिशेबापासून करू.

एका अंड्याला खाद्य किती?

मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे दहा कोंबड्यांना महिन्याला ३० ते ३६ किलो खाद्य लागते. आता जातीचा फरक पाहा. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. वर्षभरात ती ३६ किलोच्या आसपास खाते. सर्व खाद्य विकतचे असेल, तर एका अंड्यामागे सुमारे अर्धा किलो खाद्य गेले. सुधारित जातीच्या कोंबडीने वर्षाला १८० अंडी दिली, तर एका अंड्यामागे सुमारे २०० ग्रॅमच जाते.

समजा खाद्य ४० रुपये किलो आहे. सुधारित कोंबडीचे अंडे खाद्यापोटी ८ रुपयांना पडले, गावरान कोंबडीचे २० रुपयांना. आपल्या गावचे भाव टाकून हाच हिशेब प्रत्येकाने करावा आणि बाजारात अंड्याला काय मिळते ते शेजारी लिहावे. पिल्ले, लस आणि खुराडे यांचा खर्च वेगळा.

खेड्यात गावरान कोंबडी परवडते, कारण ती दिवसभर उकिरड्यावर, शेतात, गोठ्यात स्वतःचे पोट भरते. उपनगरात तिला मोकळे सोडता येत नाही. रस्ता, कुत्री, शेजाऱ्याची बाग आणि उघडी गटारे ही चारही संकटे तिथे आहेत. म्हणून कोंडून पाळायची असेल तर सुधारित जातच घ्यावी.

जात कोणती घ्यावी?

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती तयार केल्या आहेत. वनराजा अंडी आणि मांस दोन्हींसाठी आहे. ग्रामप्रिया अंड्यांसाठी अधिक उपयोगी. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजाही आपल्याकडे चांगली रुळली आहे. महाराष्ट्रात पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. तेथे किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आगाऊ चौकशी करावी.

नवख्याने एक दिवसाची पिल्ले घेऊ नयेत. त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती ५ अंशांनी कमी करावी लागते. त्यासाठी जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब हवा; एलईडी दिव्याने उजेड मिळतो, ऊब मिळत नाही. त्यापेक्षा लसी दिलेल्या आठ आठवड्यांच्या बारा तलंगा घ्याव्यात. एखाद-दुसरी गेली तरी दहा उरतात. त्या पाच ते सहा महिन्यांच्या झाल्या की अंडी देऊ लागतात. तोपर्यंत उत्पन्न नाही, फक्त खर्च आहे, हे घरात आधीच सांगून ठेवावे.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबड्याशिवायही कोंबडी तितकीच अंडी देते. फक्त त्यातून पिल्ले होत नाहीत. पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी होणारे भांडणही टळते.

खुराडे

दहा कोंबड्यांना पाच फूट लांब व चार फूट रुंद खुराडे पुरते. शक्य असल्यास पुढे पाच बाय आठ फुटांचे जाळीचे अंगण ठेवावे. जमिनीवर दोन-तीन इंच भाताचे तूस किंवा सुतारकामाचा कोरडा भुसा पसरावा, आठवड्यातून दोनदा तो खालीवर करावा आणि ओला झालेला भाग लगेच काढावा. वास येतो तो ओलीमुळे, आणि तक्रार येते ती वासामुळे. जुने तूस कुजवले की कुंड्यांना व झाडांना उत्तम खत होते. पाच कोंबड्यांमागे एक अंधारी पेटी अंडी घालण्यासाठी ठेवावी. जाळी लहान छिद्रांची आणि मजबूत घ्यावी. मुंगूस व घूस पातळ जाळीला जुमानत नाहीत. उन्हाळ्यात वर ओली गोणपाटे टाकावीत आणि थंड पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे.

काम सुरू करण्यापूर्वी नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या कार्यालयात नियम विचारावेत. भाड्याचे घर असेल तर मालकाची, सोसायटी असेल तर सोसायटीची परवानगी घ्यावी.

खाणे

घरातील भात, चपातीचे तुकडे, भाजीचे देठ, धान्याची चाळण कोंबड्यांना चालते. पण हे एकूण खाण्याच्या पावभागापेक्षा जास्त नको, नाहीतर अंडी घटतात. बुरशी लागलेले पाव किंवा धान्य कधीही घालू नये; त्यातील विषाने पक्षी दगावतात. खारट व आंबलेले अन्नही टाळावे. अंडी सुरू झाल्यावर शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे कवच मऊ पडत नाही. घाण खाणारी कोंबडी काही दिवस कोंडून स्वच्छ खाद्यावर ठेवायची आणि मगच ज़बीहा करायची, ही आपल्या घरांतील जुनी रीत आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य आहे.

लस

एका रात्रीत सगळे खुराडे रिकामे करणारा रोग म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत. त्यावर औषध नाही, लस आहे. साधारण क्रम असा : सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्या दिवशी गंबोरो, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांनी देवीची लस आणि आठ ते दहा आठवड्यांनी राणीखेतची टोचण. तलंगा घेताना यांपैकी काय झाले आहे ते विचारून लिहून घ्यावे आणि राहिलेल्या लसी पशुवैद्याच्या सल्ल्याने द्याव्यात.

अडचण अशी की लसीची कुपी बहुधा शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते, आणि एकदा पाण्यात मिसळली की ती तास-दोन तासांत वापरावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोणी ती फोडत नाही आणि लस राहून जाते. यावर उपाय एकच : मोहल्ल्यातील आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवावा आणि बर्फाच्या थर्मासमधून एक कुपी आणावी. खर्च वाटला जातो आणि रोग एका घरातून दुसऱ्या घरात जात नाही.

बर्ड फ्लूचीही जाण हवी. भारतात हा रोग प्रथम २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला आणि तेथील लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातही तो आला. अचानक अनेक पक्षी मेले, तर ते खाऊ नयेत, विकू नयेत, नाल्यात टाकू नयेत. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. एरवीही खुराडे साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत.

विक्री

दहा सुधारित कोंबड्यांची रोज चार-पाच अंडी मिळतात. दोन घरी ठेवली तरी ओळखीच्या दोन-तीन घरांना नियमित पुरवठा होतो. अंड्यावर पेन्सिलने तारीख लिहावी. सुधारित कोंबडीचे तपकिरी अंडे 'गावरान' म्हणून विकू नये. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून विकणारेही बाजारात आहेत. ती कमाई बरकतीची नाही आणि गिऱ्हाईकही टिकत नाही. ताजे अंडे हेच आपले भांडवल. दीड वर्षानंतर अंडी घटली की कोंबडी मांसासाठी काढावी आणि नवी तलंग आणावी. औषध चालू असेल तर ते बंद केल्यानंतर किती दिवस थांबायचे ते पशुवैद्याला विचारावे.

एक वही करावी. त्यात रोजची अंडी, खाद्याची खरेदी आणि विक्री लिहावी. हे काम घरातील मुलामुलींकडे द्यावे. हिशेबाचा सरावही होईल. सहा महिन्यांनी वही नफा दाखवत असेल तर दहाच्या वीस कराव्यात. तोटा दाखवत असेल तर खाद्य, जात किंवा भाव यांपैकी कुठे गळती आहे ते त्याच वहीत सापडेल. दहा कोंबड्यांवर संसार चालत नाही. पण मंदीच्या महिन्यात मुलांच्या ताटात अंडे राहते आणि भाजीपाल्याचे पैसे निघतात. कारागिराच्या घराला एवढा आधारही थोडा नाही.