साडेपाच टनांची तोफ आणि घोडे

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या जड तोफा घोडे ओढत, असं वाचनात आलं. सिनेमांत तर त्यांचं सगळंच सैन्य यांत्रिक दिसतं. खरं काय? आणि जड तोफांच्या तुकडीत नेमकं काय काय असे?

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. सिनेमावाल्यांना रणगाडे प्रिय. पण जर्मन पायदळ डिव्हिजनचा तोफखाना मुख्यतः घोड्यांच्याच जिवावर चाले. १९४१ मध्ये रशियावर चालून जाताना जर्मनांनी सहा लाखांहून अधिक घोडे नेले होते.

पूर्ण बळाच्या डिव्हिजनकडे १०.५ सेंटिमीटरच्या ३६ हलक्या आणि १५ सेंटिमीटरच्या १२ जड हॉवित्झर असत. जड तोफांची बटालियन एकच. तिच्यात तीन बॅटऱ्या, प्रत्येकीत चार तोफा. ही जड तोफ, म्हणजे एसएफएच १८, साडेपाच टनांची. एवढं धूड एकगठ्ठा ओढणं घोड्यांच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून कूच करताना नळी काढून वेगळ्या गाड्यावर चढवत. नळीला सहा घोडे, उरलेल्या तोफगाड्याला सहा. मोर्चाच्या जागी पोचलं की पुन्हा जुळवाजुळव. मोटार-तुकड्यांचं नशीब चांगलं. त्यांचं पुढे चाकं नि मागे पट्टे असलेलं वाहन अख्खी तोफ ओढी आणि गोलंदाजांनाही वाहून नेई.

मला विचाराल तर तोफेपेक्षा तिच्या मागचं लटांबर जास्त पाहण्यासारखं. गोळा ४३.५ किलोचा. मिनिटाला चार बार धरले, तर बारा तोफा मिनिटभरात दोन टनांहून अधिक माल उडवणार! तो मागून आणायचा, तोही बहुतेक घोडागाड्यांतून. मग घोड्यांचा चारा, नालबंद, स्वयंपाकी, टेलिफोनची तार अंथरणारे, असा सगळा संसार आला. गोलंदाजांना लक्ष्य सहसा दिसतच नसे. पुढे दबा धरून बसलेला निरीक्षक तारेवरून खबर देई, मागे नकाशावर हिशेब होई, तेव्हा कुठे नळीचा कोन आणि दारूचं माप ठरे. दारूची आठ मापं होती. वरच्या दोहोंनी नळी लवकर झिजे, म्हणून ती खास परवानगीनेच वापरत.

एवढं करून पल्ला १३ किलोमीटरच्या थोडा पुढे. रशियनांच्या १५२ मिलिमीटरच्या एमएल-२० चा सुमारे १७. हाती लागलेल्या एमएल-२० जर्मनांनी मग आपल्याच तोफखान्यात भरती करून घेतल्या.